डोक्यावरचं वजन आणि दाराबाहेरची रांग

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन पुण्यातल्या एका मॉलमध्ये गेलो होतो. वरच्या मजल्यावर, फूड कोर्टाच्या तोंडाशी, एक खुर्ची आणि एक हेडसेट एवढ्यावर मांडलेला छोटा स्टॉल होता. रोलर कोस्टरची पाच मिनिटांची फेरी, दोनशे रुपये. आमच्या पुढे चौघं होते. थांबण्यावाचून काही काम नव्हतं, म्हणून मी घड्याळ लावून बघत बसलो. स्टॉलवरचा मुलगा आधीच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हेडसेट उतरवायचा, आतला ओलसर फोम टिश्यूने टिपायचा, भिंगांवरून कापड फिरवायचा, पुढच्याचा चष्मा काढून बाजूला ठेवायचा, पट्टा आवळायचा, "दिसतंय का नीट? धूसर नाही ना?" असं विचारायचा, पुन्हा सैल करायचा, पुन्हा आवळायचा. फेरी पाच मिनिटांचीच होती, पण एक गिऱ्हाईक बसल्यापासून दुसरं बसेपर्यंत साडेनऊ मिनिटं जात होती.

व्हर्च्युअल रिॲलिटीबद्दल, म्हणजे हेडसेट घालून शिरायच्या या आभासी जगाबद्दल, लिहिणारे बहुतेक जण त्या पाच मिनिटांबद्दल लिहितात. मला उरलेल्या साडेचार मिनिटांबद्दलही लिहायचं आहे, कारण या धंद्यात कोण तरला आणि कोण बुडाला हे बऱ्याचदा तिथे ठरलं. आणि हे समजून घ्यायचं तर जोनाथन वॉल्डर्न या इंग्रज उद्योजकाची वाटचाल बघावी. आज हेडसेट घालणाऱ्या कित्येकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी हेडसेटच्या आत काय चालतं ते बघू. हात लांब करून अंगठा समोर धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. अंगठा जागचा हलल्यासारखा वाटतो. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सव्वासहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग जरा वेगळ्या कोनातून दिसतं, आणि या फरकावरून मेंदू कोणती वस्तू जवळ, कोणती लांब याचा हिशेब लावतो. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली की सपाट चित्रालाही खोली येते. आमच्या लहानपणीचा व्ह्यूमास्टर हेच करायचा. गोल चकती खटकन फिरवायची आणि ताजमहाल पुढे यायचा.

पण व्ह्यूमास्टरमध्ये मान वळवली तरी ताजमहाल समोरच राहतो. खऱ्या जगात मान डावीकडे वळली की समोरचं दृश्य उजवीकडे सरकतं. हेडसेटला हेच साधायचं असतं. डोकं कुठे आहे आणि किती वळलं हे क्षणाक्षणाला मोजायचं, आणि त्या जागेवरून जग जसं दिसेल तसं चित्र दोन्ही डोळ्यांसाठी नव्याने काढायचं. खरी मेहनत इथे आहे. मान वळल्यावर चित्र उशिरा हललं की घोटाळा होतो.

आपल्या कानाच्या आत, खोलवर, तोल सांभाळणाऱ्या बारीक नलिका असतात. त्यांच्यातला द्रव डोक्याबरोबर हलतो आणि मेंदूला खबर देतो. एसटीने वरंध घाटातून जाताना पुस्तक वाचायचा प्रयत्न केला असेल तर पुढचं सांगायला नको. कान सांगतात आपण वळतोय, पुस्तकावरचे डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, आणि या भांडणात पोट ढवळायला लागतं. हेडसेटमध्ये उलटं होतं. डोळ्यांपुढे रोलर कोस्टर सुसाट उतरते आणि कान म्हणतात, आपण तर खुर्चीत बसलोय. त्यात चित्राचा उशीर मिसळला की मळमळ आणखी वाढते. मान हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त वेळ जाऊ नये, असं आज या क्षेत्रातले लोक धरून चालतात.

आता १९८० च्या दशकात चला. डोक्यावर घालायचा असा पडदा ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्येच एक यंत्र करून दाखवलं होतं, पण त्याचा सांगाडा छताला टांगावा लागायचा. ऐंशीच्या दशकात जेरन लॅनियर यांच्या व्हीपीएल या कंपनीने हेडसेट आणि हातमोजा विकायला काढला आणि 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हे नाव लोकांच्या तोंडी बसवलं. मात्र त्यामागे जोडायच्या संगणकांसह सगळा संच लाखो डॉलरच्या घरात जायचा. तो घेणार कोण? प्रयोगशाळा, मोठ्या कंपन्या, नासासारख्या संस्था.

वॉल्डर्न यांना याच विषयाच्या संशोधनातून एक वेगळा रस्ता दिसला. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात त्यांनी तीन सहकाऱ्यांना घेऊन कंपनी काढली आणि तिला स्वतःच्या आडनावाचं आद्याक्षर दिलं, डब्ल्यू इंडस्ट्रीज. कल्पना साधी होती. यंत्र घरात परवडत नसेल तर ते अशा जागी ठेवा जिथे हजारो लोक येतील, आणि त्याची किंमत त्या हजारोंमध्ये वाटून टाका. गावात प्रत्येकाकडे ट्रॅक्टर नसतो. एकाकडे असतो आणि बाकीचे तासाच्या भाड्याने तो लावतात. सिनेमाचा प्रोजेक्टर कुणी विकत घेत नाही, आपण तिकीट काढतो. घराबाहेर, ठरावीक जागी जाऊन, पैसे मोजून घ्यायच्या या करमणुकीला त्या धंद्यातले लोक 'लोकेशन-बेस्ड एंटरटेनमेंट' म्हणतात. नाव बोजड आहे. प्रकार मात्र जत्रेतल्या पाळण्याइतका जुना.

नोव्हेंबर १९९० मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये भरलेल्या प्रदर्शनात त्यांचं यंत्र लोकांपुढे आलं. त्याचं नाव व्हर्च्युॲलिटी. दोन प्रकार होते, एक बसून खेळायचा आणि एक उभ्याने. जोडलेल्या दोन यंत्रांचा पहिला संच घेतला ब्रिटिश टेलिकॉमच्या प्रयोगशाळेने, लांबलांबची माणसं एकाच आभासी खोलीत भेटू शकतील का हे तपासायला. आज व्हिडिओ कॉलला कंटाळलेल्या आपल्याला ही धडपड ओळखीची वाटावी.

उभ्याने खेळायचं यंत्र जरा जवळून बघू. एक उंचवटा, त्यावर कमरेच्या उंचीला गोल कडं. तुम्ही आत शिरायचं, मग तिथला मदतनीस कडं बंद करायचा. हे कडं लागतंच, कारण हेडसेट चढला की तुम्हाला खरं जग दिसत नाही आणि तोल गेला तर धरायला काहीतरी हवं. मग तो माणूस तुमच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखा जाड हेडसेट उतरवायचा. त्याची केबल मागे लोंबत असायची. हातात बंदुकीच्या मुठीसारखा एक दांडा. आत दोन छोटे पडदे, प्रत्येकी २७६ बाय ३७२ ठिपक्यांचे. आज खिशातल्या साध्या फोनवर याच्या कित्येक पट ठिपके असतात. आत चित्र काढायला कमोडोर कंपनीचा अमिगा ३००० हा संगणक आणि जोडीला खास ग्राफिक्सच्या चिप, आणि त्या सेकंदाला साधारण वीस चित्रं काढायच्या. म्हणजे एक चित्र सेकंदाचा विसावा भाग डोळ्यांपुढे थांबायचं. वर सांगितलेल्या मर्यादेच्या अडीचपट! आजचे हेडसेट सेकंदाला नव्वद चित्रं दाखवतात.

आणि डोकं कुठे वळलं हे कळायचं कसं? चुंबकाने. एक लहान उगमयंत्र आजूबाजूला बदलतं चुंबकी क्षेत्र तयार करायचं, हेडसेटमध्ये आणि हातातल्या दांड्यात तारेची बारीक वेटोळी असायची. चुंबकी क्षेत्रात वेटोळं कसं आणि किती अंतरावर धरलंय त्यावर त्यात निर्माण होणारी वीज कमीजास्त होते. ती मोजली की जागा आणि कोन दोन्ही कळतात. जवळपास लोखंड असलं की हे क्षेत्र वेडंवाकडं होतं, म्हणून यंत्र कुठे ठेवायचं यालाही महत्त्व होतं.

सगळ्यात गाजलेला खेळ डॅक्टिल नाइटमेअर. अधांतरी तरंगणारे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकटीचे कट्टे, मधे जिने, आणि दुसऱ्या यंत्रात उभी असलेली माणसं तिथे रंगीत बाहुल्यांसारखी फिरताना दिसायची. एकमेकांना गोळी घालायची. तेवढ्यात वरून एक हिरवा टेरोडॅक्टिल, म्हणजे उडणारा प्रागैतिहासिक सरपटणारा प्राणी, झेप घेऊन यायचा, तुम्हाला उचलायचा आणि उंचावरून सोडून द्यायचा. आज ते चित्र बघितलं तर कागदाची खेळणी वाटतात. पण त्या चौकटीच्या फरशीमागची अक्कल मला फार आवडते. सपाट रंगाचे चौकोन काढायला संगणकाला कष्ट कमी, आणि लांब जाता जाता लहान होणाऱ्या चौकटी डोळ्याला खोली फुकटात देतात. तोकड्या साधनांत काम करणाऱ्या माणसालाच हे सुचतं.

आता हिशेब मांडू. एका यंत्राची किंमत ६०,००० डॉलरच्या आसपास होती. चारेक मिनिटांच्या खेळाला पाच डॉलर धरू. चार मिनिटं खेळ, आणि हेडसेट चढवणं, समजावणं, उतरवणं, पुसणं यात आणखी चार. तासाला सात गिऱ्हाइकं, म्हणजे ३५ डॉलर. नुसती यंत्राची किंमत वसूल व्हायला १२,००० खेळ हवेत. तासाला सात या वेगाने १,७०० हून जास्त तास. रोज दहा तास, एक मिनिटही रिकामं न जाता, रांग कायम लागलेली, असं सहा महिने चाललं तर किंमत निघते. प्रत्यक्षात रांग शनिवार-रविवारी असते, मंगळवारी दुपारी यंत्रापुढे कुणी नसतं. यात जागेचं भाडं आलं नाही, आणि त्या मदतनिसाचा पगारही आला नाही.

मदतनीस हाच कळीचा मुद्दा. साध्या व्हिडिओ गेमच्या यंत्राला नाणं टाकलं की झालं, दहा यंत्रांवर एक माणूस पुरतो. इथे दर एक-दोन यंत्रांमागे एक माणूस उभा करावा लागतो. जत्रेतला आकाशपाळणा आठवा. एका फेरीत तीस-चाळीस माणसं, दोन माणसं पाळणे भरतात आणि उतरवतात. मौत का कुआँमध्ये दोन मोटरसायकलवाले आणि वर कठड्याला रेलून शंभर-दीडशे बघणारे. जत्रेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही की पैसे खेळात नसतात, तासाला किती माणसं आत जाऊन बाहेर येतात यात असतात. या धंद्यातले इंग्रजी बोलणारे याला 'थ्रूपुट' म्हणतात. पंढरपूरला दर्शनबारी सांभाळणाऱ्यांना हे गणित कुठल्याही एमबीएवाल्यापेक्षा पक्कं माहीत असतं.

तरीही सुरुवातीला जोर होता. जगभरच्या आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या दालनांत, ही यंत्रं गेली. १९९३ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली आणि तिने यंत्राचंच नाव घेतलं, व्हर्च्युॲलिटी. १९९४ मध्ये यंत्रांची नवी पिढी आली. त्याच सुमारास जपानच्या सेगा या व्हिडिओ गेम कंपनीने योकोहामातल्या आपल्या करमणूक केंद्रात त्यांचं तंत्र वापरून मोठं सिम्युलेटर बसवलं. घरगुती हेडसेटसाठी अटारी या गेम कंपनीबरोबर करार झाला.

आणि इथेच पायाखालची जमीन सरकू लागली. १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये सोनीचं प्लेस्टेशन हे घरगुती गेमयंत्र आलं. त्रिमिती खेळ आता घरातल्या टीव्हीवर आणि कुणी पाच मिनिटांनी "वेळ संपली" म्हणणार नाही! लोक आर्केडमध्ये जायचे ते घरी नसलेल्या चित्रांसाठी, आणि ती चित्रं घरी आली. हेडसेटमधली चित्रं तर घरातल्या टीव्हीपेक्षा धूसर. नव्याची नवलाई एकदा अनुभवलेला माणूस दुसऱ्यांदा पाच डॉलर देईना. अटारीचा हेडसेट बाजारात पोचलाच नाही, १९९६ मध्ये अटारीच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. १९९७ मध्ये व्हर्च्युॲलिटी दिवाळखोरीत गेली.

'काळाच्या पुढे होते' असं म्हणून हा विषय संपवणं मला पटत नाही. तंत्र कच्चं होतं हे खरं, पण तंत्र पक्कं झाल्यावरही हा धंदा रांगेच्या आणि खर्चाच्या त्याच खडकावर आपटला.

२०१२ मध्ये पामर लकी या तरुणाने ऑक्युलसचा हेडसेट लोकवर्गणीसाठी मांडला आणि २४ लाख डॉलर जमा झाले. तोवर स्मार्टफोनमुळे लहान, स्पष्ट पडदे आणि डोक्याचा कोन मोजणाऱ्या चिप मातीमोलाने मिळायला लागल्या होत्या. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी २०० कोटी डॉलरला घेतली. आता हेडसेट घरीच येणार असेल तर केंद्रात जायचं कशाला? उत्तर होतं, जागेसाठी. घरात चार पावलं टाकली की सोफा लागतो. २०१५ मध्ये मेलबर्नच्या झीरो लेटन्सी या कंपनीने मोठं रिकामं दालन घेतलं, संगणक खेळाडूच्या पाठीवर दिला आणि एका वेळी सहा जणांना मोकळं फिरू दिलं. एका फेरीत एकाऐवजी सहा! दर्शनबारी सरकू लागली.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्यात द व्हॉइड हे असंच हेडसेट घालून फिरायचं केंद्र सुरू झालं. केन ब्रेट्श्नायडर त्याचे एक संस्थापक, आणि दुसरे कर्टिस हिकमन तर मुळात जादूगार. जादूगाराची गरज का पडली ते बघण्यासारखं आहे. त्यांनी खऱ्या भिंती उभारल्या. हेडसेटमध्ये दिसणाऱ्या भिंतीला हात लावला की खरोखर भिंत लागायची, आग दिसली की गरम झळ यायची, दरी दिसली की वारा. अंगातलं जाकीट गोळी लागल्यावर थरथरायचं. आणि सगळ्यात मोठी जादू पायांची. डोळ्यांना चित्र हळूच, कळणार नाही इतकं फिरवत नेलं तर माणूस सरळ चालतोय असं समजून गोल चालतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये हे मांडलं होतं. डोळे आणि पाय यांच्यात मतभेद झाला की मेंदू डोळ्यांचं ऐकतो. त्यामुळे लहानशा जागेत लांबच लांब भुयार मावतं.

अनुभव विलक्षण होता. न्यूयॉर्कपासून लंडनपर्यंत केंद्रं उघडली. पण प्रत्येक ठिकाणी महागडं भाडं, भिंती, हेडसेट चढवायला माणसं, आणि मर्यादित रांग. २०२० मध्ये कोविडने दारं बंद केली आणि द व्हॉइड पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. दुसऱ्याच्या घामाने ओला झालेला फोम चेहऱ्याला लावायचा हा धंदा त्या वर्षी कसा चालणार होता?

मुंबईचंही एक उदाहरण आठवतं. २०१२ मध्ये लोअर परळच्या कमला मिलमध्ये स्मॅश हे खेळ-करमणुकीचं केंद्र सुरू झालं तेव्हा तिथला क्रिकेटचा सिम्युलेटर फार गाजला. पडद्यावर गोलंदाज धावत यायचा आणि खरा चेंडू यंत्रातून सुटून तुमच्या हातातल्या खऱ्या बॅटकडे यायचा. डोक्यावर हेडसेट नाही, पट्टा आवळणं नाही, मळमळ नाही, आणि तुमचे मित्र मागे उभं राहून तुम्ही त्रिफळाचीत झाल्यावर ओरडायला मोकळे. माझ्या मते त्या काळातली ती फार समजूतदार रचना होती. तरी भाडं आणि मोठ्या जागेचा खर्च तिथेही सुटला नाही, आणि २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

मग वॉल्डर्न यांचं पुढे काय झालं? कंपनी बुडाल्यावर माणसं बहुधा वेगळ्या धंद्यात जातात. ते त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला भिडले. डोक्यावरचं वजनच काढून टाकायचं. कॅलिफोर्नियात त्यांनी डिजिलेन्स ही कंपनी उभी केली. तिथलं काम कळायला विहीर आठवा. पाण्याखाली बुडी मारून तिरपं वर बघितलं तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, बाहेरचं झाड दिसत नाही. तिरका प्रकाश पाण्यातून बाहेर न पडता आतच परततो. पातळ काचेच्या पट्टीतही हेच होतं. कडेने तिरपा प्रकाश सोडला की तो दोन पृष्ठभागांवर आपटत आपटत आतल्या आत पुढे जातो. मग डोळ्यासमोर आल्यावर तो बाहेर काढायचा कसा?

त्यासाठी काचेवर द्रव स्फटिक आणि प्रकाशाने कडक होणारं रसायन यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात, आणि त्यावर लेसरचे दोन झोत एकमेकांत मिसळून सोडतात. झोत मिसळले की उजेडाचे आणि अंधाराचे अतिबारीक पट्टे पडतात. उजेडाच्या पट्ट्यात रसायन घट्ट होतं, द्रव स्फटिक अंधाराच्या पट्ट्यात गोळा होतात. तयार झालेली ही जाळी भिंगाचं काम करते, आत धावणारा प्रकाश थोडा थोडा करून डोळ्याकडे वळवते. विजेचा दाब दिला की स्फटिक एका दिशेला वळतात आणि जाळी जणू नाहीशी होते, दाब काढला की परत येते. चष्म्याच्या काचेएवढ्या जाडीत चित्र, आणि पलीकडचं खरं जगही दिसत राहतं. ही काच विमानांच्या कॉकपिटमधल्या डिस्प्लेपर्यंत आणि मोटरसायकलच्या हेल्मेटपर्यंत पोचली. डोक्यावर शिरस्त्राण चढवणाऱ्या माणसाने पुढची कित्येक वर्षं काही मिलिमीटर जाडीच्या काचेवर घालवली, यात मला मोठा प्रामाणिकपणा दिसतो. आपली चूक कुठे होती हे त्यांना नेमकं कळलं होतं.

लेस्टरमध्येच जुन्या संगणकांचं एक संग्रहालय आहे. तिथे व्हर्च्युॲलिटीची काही यंत्रं दुरुस्त करून चालू केली आहेत. आत शिरायचं, कडं बंद करून घ्यायचं, माणूस हेडसेट डोक्यावर उतरवतो, पट्टा आवळतो आणि दिसतंय का विचारतो. चौकटीची फरशी, जिना, वरून येणारा हिरवा टेरोडॅक्टिल. बाकीचे बाजूला उभे राहून आपल्या पाळीची वाट बघतात.